पोकरमध्ये पत्ते न पाहता सगळे लावणाऱ्याला कधी भिडायचं?

तूर शेंगांनी वाकली, हरभरा घाट्यावर आला की रात्री शेतात माणूस लागतोच. नाहीतर रानडुकरांनी आणि रोह्यांनी काय शिल्लक ठेवलं ते मोजायला सकाळी जायचं. आमच्या दारव्ह्याकडच्या शिवारात चार शेतांच्या मधोमध एक खोपडी आहे. जागलीला तिथे आम्ही आठ जण जमतो. दर अर्ध्या तासाने एकाने उठून डबा वाजवत धुऱ्याने फेरी मारायची, एखादा फटाका फोडायचा. बाकीच्यांनी बारदान्यावर पत्ते पिसत बसायचं.

वर्षानुवर्षं तिथे तीन पत्ती आणि रमी चालली. पोकर आणलं माझ्या भाच्याने. तो पुण्यात नोकरीला, मोबाईलवर शिकलेला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा झाला, त्याचं ॲप बंद पडलं, आणि दिवाळीला गावी आला तो हा खेळ घेऊनच. पैसे नकोत हे पहिल्याच रात्री ठरलं. प्रत्येकाला १०० चिंचोके. ज्याचे संपले त्याने उठायचं आणि चहा टाकायचा. शेवटी उरणाऱ्या तिघांना गुरुजींच्या घरची तुरीची डाळ: पहिल्याला ५ किलो, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २. डाळ गुरुजी आपखुशीने देतात, कुणाकडून काही घेत नाहीत. चौथा आलेला रिकाम्या हाताने घरी जातो आणि आठवा आलेलाही. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे ती लागणार आहे.

तीन पत्ती येणाऱ्याला पोकर समजायला दहा मिनिटं लागतात. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मधे पाच पत्ते उघडे पडतात, आधी तीन एकदम, मग एक, मग आणखी एक. आपले दोन आणि मधले पाच अशा सातांतून ज्याचे पाच पत्ते भारी, त्याचा डाव. पत्ते हातात आल्यावर एकदा आणि मधले पत्ते पडतील तसे आणखी तीनदा लावायची संधी. मधे कधीही टाकून देता येतं, कधीही सगळेच्या सगळे लावता येतात. एक फरक मात्र आम्हाला नडला. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने आलेले पत्ते) कलरला (सगळे बदाम, सगळे किलवर असे एकाच रंगाचे पत्ते) मारतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. पहिल्या रात्री यावरून इतकं वाजलं की डुकरं डबा न वाजवताच पळाली असतील.

आणखी एक शब्द. तीन पत्तीत ‘ब्लाइंड’ म्हणजे पत्ते न पाहता खेळणं. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटायच्या आधीच दोघांनी सक्तीने टाकायचे चिंचोके, एकाने कमी, दुसऱ्याने दुप्पट. ही पाळी फिरत राहते आणि रात्र चढेल तसा आकडा वाढतो. आम्ही १ आणि २ वरून सुरू करतो, चौघं उरेपर्यंत १० आणि २० झालेले असतात. म्हणजे नुसतं बसून राहिलं तरी ढीग झिजतो.

आता मुद्द्याचा माणूस. आमच्यात एक ट्रॅक्टरवाला आहे. तीन पत्तीत तो जन्मात कधी पत्ते पाहून खेळला नाही, पोकरमध्येही पाहत नाही. पाळी आली की कोपराने अख्खा ढीग मधे सरकवतो. दोन-चार चिंचोके घरंगळत चुलीपाशी जातात, ते शोधेपर्यंत डाव थांबतो. “पाहून काय करतं? देवानं देल्लं ते देल्लं. लावले सारे!”

अशा माणसासमोर काय करायचं, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मला तो सोपा वाटला होता.

डिसेंबरातली एक रात्र. चौघं उरलो होतो: ट्रॅक्टरवाला, गुरुजी, किराणावाले काका आणि मी. प्रत्येकापुढे जवळजवळ २०० चिंचोके. भाचा आधीच उठून चुलीपाशी चहा टाकत होता. ट्रॅक्टरवाल्याने न पाहता सगळे सरकवले. त्याच्यानंतर माझी पाळी. टॉर्चच्या उजेडात पत्ते पाहिले तर बदामचा एक्का आणि किलवरची नव्वी. हा तर काहीही घेऊन आला आहे, माझ्याकडे एक्का आहे, असं म्हणून मीही सगळे लावले. गुरुजींनी आणि काकांनी टाकले. ट्रॅक्टरवाल्याने आपले पत्ते पहिल्यांदाच उलटले, आमच्यासोबत त्यानेही तेव्हाच पाहिले. अठ्ठी आणि छक्की. मधे पडले ते नव्वी, छक्की, राणी, दुर्री आणि सगळ्यात शेवटी अठ्ठी. माझी एक जोडी, त्याच्या दोन. मी उठलो. भाच्याने काही न बोलता गाळणी माझ्या हातात दिली आणि मग म्हणाला, “मामा, पत्ते तुमचे बरे होते. बखत चुकला.”

त्या रात्री मला ते पटलं नाही. शेवटची अठ्ठी पडली नसती तर मीच शहाणा ठरलो असतो, असंच वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी गव्हाला ओलीत करताना बांधावर बसून हिशेब केला, तेव्हा कळलं की अठ्ठीचा यात काही संबंधच नव्हता. ती पडली नसती तरी माझी चाल चुकीचीच होती.

आधी पत्त्यांचा हिशेब. समोरच्याने खरंच न पाहता लावले असतील तर त्याचे दोन पत्ते म्हणजे गड्डीतले कुठलेही दोन. अशा माणसाविरुद्ध एक्का-नव्वी शंभरातल्या साधारण साठ वेळा जिंकते. एक्क्यांची जोडी ८५ वेळा, दश्शींची ७५, सत्तींची ६६. एक्का-राजा दिसायला राजबिंडा असला तरी ६५ च्या आसपासच. सगळ्यात भिकार म्हणतात ती दुर्री-सत्ती, वेगवेगळ्या रंगांची, तीदेखील पस्तीसच्या जवळ जिंकते. हा शेवटचा आकडा ट्रॅक्टरवाल्याच्या देवाचं गुपित आहे. पोकरमध्ये अगदी वाईट पत्तेही तीनात एकदा जिंकतात, म्हणून बेधडक खेळणारा अधूनमधून जिंकतो आणि ते सगळ्यांच्या लक्षात राहतं.

साठ म्हणजे निम्म्याहून जास्त. मग चूक कुठे झाली? तर मी चिंचोके मोजत होतो आणि घरी न्यायची होती डाळ.

चौघांकडे सारखे चिंचोके असतील तर १० किलो डाळीत प्रत्येकाचा वाटा अडीच किलो धरायला हरकत नाही. मी जिंकलो असतो तर माझ्याकडे ४०० झाले असते, दुप्पट. मग वाटाही दुप्पट, म्हणजे ५ किलो? शक्यच नाही. सगळेच्या सगळे ८०० चिंचोके माझे झाले तरी मला ५ किलोच मिळणार आहे. मग निम्म्या चिंचोक्यांची किंमत ५ किलो कशी असेल? ती त्याहून कमीच असणार. किती कमी, ते काढायची एक रीत आहे.

या रीतीला पोकरवाले आयसीएम म्हणतात, म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेल. चिप म्हणजे आपला चिंचोका. मूळ कल्पना शर्यतीची. १९७३ मध्ये डेव्हिड हारव्हिल यांनी घोड्यांच्या शर्यतीत दुसरा-तिसरा कोण येईल याची शक्यता काढायचं सूत्र मांडलं, आणि १९८७ मध्ये मेसन मालमथ यांनी ते पोकरला लावलं. आपल्याकडे हे शंकरपटावर, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीवर, समजावता येईल. कुठली जोडी पहिली येईल याचा अंदाज आपण तिच्या ताकदीवरून बांधतो. पहिली आलेली जोडी बाजूला काढा आणि उरलेल्यांत पुन्हा ताकदीच्या प्रमाणात दुसरी कोण ते बघा. पोकरमध्ये ताकद म्हणजे तुमच्यापुढचे चिंचोके.

मी जिंकलो असतो तर उरलो असतो तिघं: माझ्याकडे ४००, गुरुजी आणि काका यांच्याकडे दोनदोनशे. पहिलं येण्याची माझी शक्यता निम्मी. गुरुजी पहिले आले तर उरलेल्या ६०० मध्ये माझे ४००, म्हणजे दोन तृतीयांश. काका पहिले आले तरी तेच. एकूण हिशेब असा की दुसरं येण्याची शक्यता एक तृतीयांश आणि तिसरं येण्याची एक षष्ठांश. आता डाळ लावा. ५ किलोचा निम्मा अडीच, ३ किलोचा तिसरा हिस्सा १, २ किलोचा सहावा हिस्सा पाव किलोहून थोडा जास्त. बेरीज ३ किलो ८३० ग्रॅमच्या आसपास.

म्हणजे जिंकलो तर सव्वा किलोहून थोडी जास्त डाळ वाढणार होती, हरलो तर अख्खी अडीच किलो जाणार होती. हा सौदा बरोबरीत सुटायला शंभरातल्या ६५ वेळा जिंकायला हवं. मध्ये पडलेल्या ब्लाइंडचे ३० चिंचोके धरले तर आकडा थोडा उतरतो, त्रेसष्ट-चौसष्टपर्यंत. माझ्याकडे होते साठ. साठ टक्क्यांनी ३ किलो ८३० म्हणजे सरासरी २ किलो ३००. टाकून दिले असते तर अडीच. पत्ते उलटण्याच्या आधीच मी २०० ग्रॅम डाळ चुलीत घातली होती.

आता खरी गंमत बघा. ट्रॅक्टरवाल्याने किती घालवली? तो चाळीस टक्क्यांनी जिंकणार, म्हणजे सरासरी दीड किलो. अडीचवरून दीडवर आला. जवळजवळ एक किलोची चूक. मग ही सगळी डाळ गेली कुठे? ती गेली पत्ते टाकून गप्प बसलेल्या गुरुजी आणि काकांकडे. आमच्यापैकी कुणीही हरला तरी त्या दोघांचा वाटा अडीचवरून तीन किलोच्या थोडा वर जाणार होता. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, इथे तर चौथ्याचाही. गुरुजी त्या वेळी काय करत होते? स्वेटरच्या बाह्या ओढून हात शेकत होते.

बेधडक माणसाबद्दल आपली समजूत अशी असते की तो चुकला तर माझा फायदा. रोजच्या पैशांच्या खेळात ते खरं असेल. बक्षिसाच्या खेळात, त्यातही बक्षीस मिळायला एकच माणूस उठायचा राहिला असताना, त्याच्या चुकीची किंमत त्याच्यासोबत त्याला भिडणारा मोजतो. फायदा बाजूला बसलेल्यांचा. ज्याला पकडायला धावावंसं वाटतं त्याला दुसऱ्याने पकडलेलं बरं.

पण म्हणून ट्रॅक्टरवाल्यापुढे कधीच जायचं नाही असा अर्थ काढाल तर तोही चुकेल. हाच हिशेब रात्रीच्या वेगवेगळ्या वेळी करून पाहा. आठही जण सारखे असताना दुप्पट झालात तर वाटा सव्वा किलोवरून सव्वादोनवर जातो. तिथे शंभरातल्या ५६ वेळा जिंकलं तरी भागतं. पाच जण उरले की ६१ लागतात. चौघांवर ६५. तिघं उरले की दोन किलो प्रत्येकाच्या खिशात पडलेलेच असतात, तिथे पुन्हा ५७. दोघांत सरळ निम्मं. म्हणजे माझी तीच एक्का-नव्वी, तोच ट्रॅक्टरवाला, तेच न पाहता लावलेले चिंचोके, आणि सुरुवातीला भिडणं बरोबर, चौघांवर चूक, तिघांवर पुन्हा बरोबर. भाच्याचा ‘बखत’ हाच होता.

सुरुवातीच्या ५६ वर लोक एक शंका काढतात. इतक्या लवकर साठ टक्क्यांवर जीव कशाला टांगायचा, पुढे याहून बरी संधी येईलच की. ज्या खेळात ब्लाइंड सावकाश चढतात आणि दिवसभर बसायचं असतं, तिथे हे म्हणणं वजनदार आहे. आमच्याकडे पहाटे चारला खेळ संपवून मोटर सुरू करायची असते. ब्लाइंड भराभर चढतात. साठची संधी सोडून सत्तरची वाट पाहणारा बहुतेक वेळा झिजूनच उठतो, हे माझं मत. गुरुजींना ते मान्य नाही.

झिजण्याची भाषा आली तर तोही हिशेब करून टाकू. चौघं उरलेत, त्याने न पाहता लावले, भिडायला ६५ हवेत. इतके देणारे पत्ते कोणते? ढोबळ मानाने सत्तींची जोडी किंवा त्याच्या वरची कुठलीही, नाहीतर एक्का-राजा. हे वीस डावांत साधारण एकदा येतं. चौघांत एका फेरीला, म्हणजे चार डावांना, ब्लाइंडचे ३० जातात. वीस डाव म्हणजे पाच फेऱ्या, १५० चिंचोके. दोनशेतले दीडशे वाट पाहण्यातच गेले, मग चांगले पत्ते येऊन करायचं काय? इथेच बहुतेक जण वैतागतात आणि एक्का दिसला की उडी मारतात. मी मारली तशी.

पण वाट एकट्यानेच पाहायची नसते. ट्रॅक्टरवाल्यासमोर आपण तिघं आहोत. तिघांपैकी कुणाच्या ना कुणाच्या हातात तसे पत्ते पाच डावांत यायची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त निघते. पाच डाव म्हणजे एक फेरी आणि वर एक डाव, तीस-चाळीस चिंचोके. एवढी वाट परवडते. काकांना राणींची जोडी आली की ते भिडतील, दोघांपैकी एक बहुतेक उठेल, आणि आपण काही न करता तिघांत.

त्या पाच डावांत हातावर हात धरूनही बसायचं नसतं. ट्रॅक्टरवाला फेरी मारायला बाहेर गेला की त्याचे डाव आपोआप पडतात, असा आमचा नियम आहे. ती वेळ सोन्याची. उरतात गुरुजी आणि काका. दोघंही दहातले नऊ डाव टाकणारे. तिथे मी पहिला सगळे लावले तर दोघंही टाकण्याची शक्यता शंभरात ८१. ब्लाइंडचे तीस चिंचोके पत्ते न दाखवता माझे. धाक दाखवायचा तर भित्र्याला दाखवावा. ट्रॅक्टरवाल्याला तो दाखवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पत्ते पाहिलेच नाहीत, तर घाबरेल कशाला? आमच्यातल्या एकाने हातात काही नसताना त्याला तीन वेळा ‘हाणलं’ आणि तिन्ही वेळा त्याने “चला” म्हटलं. तो हुशार माणूस आठवा आला.

ट्रॅक्टरवाला प्रत्येक वेळी सगळे लावतोच असं नाही. कधी मधले पत्ते पडतील तसा तो दर वेळी चाळीस-पन्नास फेकत जातो. अशा वेळी डावात तुम्ही दोघंच उरला असाल आणि तुमच्या हातात बरी जोडी असेल तर वाढवायची घाई करू नका, त्यालाच फेकू द्या, आपण नुसती बरोबरी करा. कलरच्या आशेवर बसला असाल तर मात्र मोजा. चार बदाम झालेत, एकच पत्ता उघडायचा राहिलाय. न दिसलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९. पाचात एकदा, त्याहून थोडं कमीच. मधे ६० आहेत, त्याने ४० टाकले. शंभर मिळवायला तुम्हाला चाळीस टाकायचे आहेत, म्हणजे सातात दोनदा तरी यायला हवं. तितकं येत नाही. तीन पत्तीची सवय असलेला मात्र “चार आले, पाचवा येतेच” म्हणत टाकतो. पत्त्याला काय माहीत आधी चार येऊन गेलेत ते.

चौघांचे ढीग सारखे नसतील तर ६५ चा आकडा हलतो. जूनमध्ये मृग लागायच्या आधी आपल्याकडे काही जण कपाशीची धूळपेरणी करतात. पाऊस वेळेवर आला तर पीक पंधरा दिवस पुढे, नाही आला तर दुबार पेरणी. पाऊस दोघांसाठी एकच, शक्यता एकच. पण ज्याच्या घरी बियाण्याची आणखी पाकिटं आहेत त्याने ती करणं वेगळं आणि उधारीवर शेवटची पाकिटं आणलेल्याने करणं वेगळं. तसंच इथे. ट्रॅक्टरवाल्यापुढे ५० उरलेत आणि माझ्यापुढे ३००, तर एक्का-नव्वीच काय, राजा-दश्शीनेही मी भिडेन. हरलो तरी माझ्याकडे २५० आहेत. त्याच्यापुढे ४०० आणि माझ्यापुढे २००, तर तो मला घरी पाठवू शकतो, मी त्याला नाही. आणि बारदान्याच्या कोपऱ्यात कुणी १५ चिंचोके घेऊन बसला असेल तर त्याला आधी जाऊ द्या, तोवर एक्का-राजाही टाकून द्यायला मी मागेपुढे पाहणार नाही.

शेवटचे चिंचोके वर जमवलेल्यांपेक्षा महाग असतात, ही गोष्ट पोकरवाले १९८२ च्या एका किश्श्याने सांगतात. लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत जॅक स्ट्रॉस यांच्याकडे एकच चिप उरली होती. तिथून परत येऊन त्यांनी ती स्पर्धा जिंकली. एक चिप आणि एक खुर्ची असेपर्यंत माणूस खेळात असतो, हे बोलणं त्या किश्श्याशी कायमचं जोडलं गेलं. माझ्याकडे त्या रात्री खुर्ची नव्हती, बारदाना होता, आणि तोही मी सोडला.

मागे कोण बसलंय हेही बघायचं असतं. ट्रॅक्टरवाल्याने लावले, तुम्ही भिडलात, आणि तुमच्यानंतर बोलणाऱ्याकडे राजांची जोडी निघाली तर साठचा हिशेब गेला वाहून. सुरुवातीला आठ जण असताना हा धोका मोठा. शिवाय मजा म्हणून सगळेच आत शिरतात. एक्क्यांची जोडी एकाविरुद्ध ८५ वेळा जिंकते, पण कुठलेही पत्ते घेतलेल्या पाच जणांविरुद्ध निम्म्यावर येते. म्हणून मागे इतके जण बोलायचे असताना चांगले पत्ते असतील तर त्याच्या चाळीसवर नुसती बरोबरी न करता लगेच सगळे लावावे, बाकीचे चार बाहेर राहतात. आणि बसायला जागा निवडता आली तर बेधडक माणसाच्या डाव्या हाताला बसा. पोकरमध्ये पाळी डावीकडे फिरते, म्हणजे तो काय करतो ते पाहून तुम्हाला बोलता येतं. आमच्या खोपडीत ती जागा चुलीच्या धुराची आहे, म्हणून अजूनही कुणी भांडत नाही.

एवढं सगळं करून एक गोष्ट राहतेच: तो खरंच बेधडक आहे का? तीन डाव लागोपाठ सगळे लावणारा प्रत्येक जण ट्रॅक्टरवाला नसतो, कधी पत्तेच तसे येतात. पत्ते उलटले की काय निघालं ते लक्षात ठेवायचं. आमच्या माणसाचं तर मी आणखी एक पाहिलंय. हरत असला की तो पत्ते उचलतच नाही. ढीग मोठा झाला की हळूच एक कोपरा वर करून बघतो. बघून लावले असतील तर तो दुसराच माणूस. वाईट पत्ते टाकून चांगलेच लावतोय म्हणजे माझी एक्का-नव्वी साठवरून निम्म्याच्या जवळ येते, आणि मग भिडायचा प्रश्नच मिटतो. पत्त्यांकडे नंतर बघितलं तरी चालेल, त्याच्या अंगठ्याकडे आधी बघा.

गेल्या आठवड्यात पुन्हा तेच चौघं उरलो. ढीग सारखेच, ब्लाइंड १० आणि २०. ट्रॅक्टरवाल्याचा कोपर आला. माझ्याकडे एक्का आणि दश्शी, साठच्या वर आणि पासष्टच्या खाली. टाकले. हात थोडा थरथरला, खोटं कशाला बोलू. काकांनी बराच वेळ पत्ते पाहिले आणि लावले. गुलामांची जोडी. ट्रॅक्टरवाल्याचे उलटले तर सत्ती-तिर्री, आणि मधे दोन सत्त्या पडल्या. काका उठले, चुलीकडे गेले.

रात्रीची पाच किलो डाळ ट्रॅक्टरवाल्याने नेली. मी तिसरा आलो. सकाळी दोन किलोची पिशवी ओट्यावर ठेवली तेव्हा बायको तुरीच्या पोत्यावर बसून भाजी निवडत होती.

“अवो,” ती म्हणाली, “घरची तूर इथं पडून हाय, अन् तुमी रातभर जागून डाळ आनली?”